ने, दे, ये

आज दिवसभर चाकणला एका कोरियन इंजिनिअरसाहेबांबरोबर लाइनवर होतो. आमचे सुपरवायझर बोलत होते आणि साहेब प्रत्येक वाक्यामागे मान झुकवून "ने, ने". शेवटी सुपरवायझर माझ्या कानाशी आले, "अहो, काय न्यायचंय यांना?"

कोरियनमध्ये 'ने' म्हणजे हो. पण खरी गंमत उच्चारात आहे. शब्दाच्या सुरुवातीचा 'न' ते नाकातून इतका कमी काढतात की आपल्या कानाला बऱ्याचदा 'दे' ऐकू येतं. शिवाय होकारासाठी आणखी एक, जरा जास्त अदबीचा शब्द आहे: 'ये'. म्हणजे माणूस नुसता हो म्हणतोय आणि आपल्याला वाटतं ने, दे, ये अशा ऑर्डरी सुटल्यात! (त्याही एकेरीत.)

बरं, हो म्हणाले म्हणजे पटलं असंही नाही. कित्येकदा तो होकार आपल्या फोनवरच्या 'हं... हं'इतकाच असतो. "पार्ट आले नाहीत ना?" विचारलं तर "ने", म्हणजे बरोबर, नाही आले. हे मात्र थेट आपल्यासारखं. इंग्रजीवाले इथे 'नो' म्हणतात, मग ईमेलवर घोळ.

वस्तू चार असल्या तर मोजताना 'चार'लाही पुन्हा 'ने'च.

ग्रीकमध्येही 'ने' म्हणजे हो, चेकमध्ये नाही. जपानी लोक वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, ते तर आपलं 'ना'!

टपरीवर चहा पिताना सुपरवायझरना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, "असू दे. सेकंड शिफ्टचे बोल्ट येणारेत का, तेवढं विचारा साहेबांना."