तुम्ही विचारलंत म्हणून: कागद-पेन्सिलवाल्यांना संघटना कशाला?

प्रश्न बहुतेक वेळा हसत हसत येतो. "दुर्बिणीला पैसे लागतात हे कळतं हो, पण तुम्ही तर खगोलशास्त्रातले सिद्धांतवाले. कागद, पेन्सिल आणि चहा. तुम्हाला राष्ट्रीय कार्यक्रम, समित्या आणि वेगळा निधी हवाच कशाला?" विचारणाऱ्यांत लेखा विभागातले लोक असतात, प्रयोगवाले सहकारी असतात आणि विज्ञानावर मनापासून प्रेम करणारे वाचकही असतात. दोन वाक्यांत दिलेलं उत्तर दर वेळी उर्मट तरी वाटतं, नाहीतर रडकं. म्हणून एकदा सविस्तर.

पेन्सिलीचा हिशेब आधी उरकू. विश्वातल्या रचना कशा घडल्या याचं मध्यम आकाराचं एक सिम्युलेशन घ्या. १०२४ चा घन, म्हणजे सुमारे १०७ कोटी कण. प्रत्येक कणाची जागा तीन आकड्यांत, वेग तीन आकड्यांत, वर त्याचा क्रमांक, असे मिळून ३२ बाइट. एका क्षणाची नोंद झाली ३४ जीबी. अशा शंभर नोंदी ठेवल्या की साडेतीन टीबीला आपण टेकतो. बाजू दुप्पट केली की सगळं आठपट, म्हणजे सत्तावीस टीबीच्या वर. हे झालं एका गृहीतकाचं. दुसरं गृहीतक तपासायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

महासंगणकावर वेळ मिळत नाही, अशी माझी तक्रार नाही. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं, परम मालिकेतली यंत्रं ठिकठिकाणी बसली आणि २०२४ मध्ये परम रुद्र पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडेही आला. गाडी अडते ती पुढे. यंत्राच्या स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या, डिस्कवरचा डेटा ठरावीक मुदतीनंतर पुसला जातो. तो उतरवून घ्यायची डिस्क खर्चाच्या कुठल्या हेडखाली घ्यायची? उपकरण म्हणावं तर "सिद्धांताला उपकरण कशाला" असा शेरा येतो. कंटिंजन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात, घालावी तर मर्यादा आड येते. आणि कोड सांभाळणाऱ्या माणसाची जागा तर कुठल्याच तक्त्यात नसते. पीएचडीच्या मुलानं तो लिहिलेला असतो, मुलगा जातो आणि दोन वर्षांनी तो कोड कंपाइलसुद्धा होत नाही.

मॅट्रिक्स योजनेचं नाव कुणीतरी काढतंच. खास सैद्धांतिक विषयांसाठीची योजना, वर्षाला दोन लाख, तीन वर्षं, संस्थेला वर वीस हजार. तिचं कौतुक मी करतो, कारण कागदपत्रं कमी होती आणि खर्चाला मोकळीक होती. पण २०२३ पासून जेआरएफची, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याची, फेलोशिप महिन्याला ३७,००० आहे. घरभाडं सोडूनही दोन लाखांत एक विद्यार्थी साडेपाच महिने टिकेल. म्हणजे योजनेनं गृहीत धरलेला सिद्धांतवाला एकटाच होता. तुमच्याही मनात तोच आहे.

आणि मग रायचौधुरींचं उदाहरण येतं. अमल कुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात आज त्यांच्याच नावानं ओळखलं जाणारं समीकरण दिलं, गुरुत्वाकर्षणानं पदार्थाचे मार्ग कसे एकवटतात हे सांगणारं. पेनरोज आणि हॉकिंग यांचे सिंग्युलॅरिटीचे, म्हणजे जिथे गुरुत्वाचं गणितच कोलमडतं त्या जागेचे, सिद्धांत पुढे त्याच्याच आधारानं उभे राहिले. "त्यांच्यामागे कुठली संघटना होती?" नव्हती, हे कबूल. सापेक्षता ते स्वतःच शिकले आणि पुढे कॉलेजात शिकवत राहिले. माझं म्हणणं एवढंच की पोहून पैलतीराला लागलेला दिसतो, बुडालेले मोजता येत नाहीत. हे उत्तर मी अनेकदा दिलंय. ते पुरतं पटणारं नाही हेही मला ठाऊक आहे, कारण बुडालेले मोजता येत नसतील तर ते होते तरी कशावरून?

एके काळी मी ठासून सांगत असे की एक उत्तम केंद्र उभारा, बाकीचं आपोआप होतं. पुण्याची आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र, हा माझा पुरावा. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ती स्थापन केली, जयंत नारळीकर पहिले संचालक, सोबत नरेश दधिच आणि अजित केंभावी. गावोगावच्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना तीन वर्षांसाठी व्हिजिटिंग असोसिएट करायचं, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च द्यायचा, ग्रंथालय आणि संगणक खुले करायचे. कल्पना आजही बिनतोड वाटते. पण तो शिक्षक परत जातो कुठे? असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं, त्यावर परीक्षा, त्यावर कॉलेजाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली. सुट्टीत सुरू केलेलं गणित जुलैत बंद पडतं आणि पुढच्या मे महिन्यात आधी आपलीच वही वाचावी लागते. कार्यशाळेचं तर विचारूच नका. मंजुरीचं पत्र वीस दिवस आधी येतं, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडलेलं असतं, आणि ड्युटी लीव्हसाठी प्राचार्यांना ते पत्रच दाखवावं लागतं. वर्षाचा निधी फेब्रुवारीत आला तर ३१ मार्चच्या आत तो खर्च दाखवून यूसी, म्हणजे निधी वापरल्याचं प्रमाणपत्र, द्यायची. व्याख्याते विचार करून बोलावले जात नाहीत, मार्चमध्ये मोकळे कोण ते पाहून बोलावले जातात.

आता ज्या गोष्टीवरून मी सगळ्यात जास्त भांडतो ती. लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकी लायगो यंत्राचं भारतातलं भावंड.

गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातच उठणाऱ्या तरंगांच्या, कामाची सुरुवात आपल्याकडे खरोखर कागद-पेन्सिलीनं झाली. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये दाखवलं की हादरलेलं कृष्णविवर ठरावीक सुरात निनादत शांत होतं. आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये गोंगाटात बुडालेला संकेत शोधायला फिल्टर, म्हणजे लहरीचे गणिती साचे, कसे निवडायचे हे मांडलं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर त्या लहरींचा आकार अधिकाधिक अचूक काढणाऱ्या गटात होते. ही अचूकता का लागते ते पाहा. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तेव्हा १० हर्ट्झपासून टक्कर होईपर्यंत लहरीची सुमारे १६,००० आवर्तनं होतात. तुमचा गणिती साचा एवढ्या प्रवासात अर्ध्या आवर्तनानं जरी सरकला, तरी लहरीच्या शिखरावर साच्याचा खळगा येतो आणि बेरीज व्हायच्या जागी वजाबाकी होते. संकेत समोर असून हाती लागत नाही.

२००९ मध्ये इंडिगो हा भारतातल्या गुरुत्वीय लहरीवाल्यांचा गट बांधला गेला, आणि संघटना म्हणजे काय हे मला तिथे दिसतं. बहुतेक सिद्धांतवाली माणसं होती, एवढी मोठी निर्वात नळी जोडण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. त्यांना गांधीनगरची प्लाझ्मा संस्था गाठावी लागली, कारण मोठ्या निर्वातपात्रांचा अनुभव तिथे. लेसरसाठी इंदूरचं राजा रामण्णा केंद्र. अमेरिकेकडची लायगोची तिसरी यंत्रसामग्री आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केली होती. २०११ मध्ये तिथून नकार आला, तेव्हा भारतात "हो" म्हणायला जुळलेली माणसं तयार होती. ती तेव्हा जुळवायला घेतली असती तर संधी गेलीच असती.

१४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरीचा पहिला संकेत लायगोला सापडला, ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झाला आणि १७ फेब्रुवारीला आपल्या मंत्रिमंडळानं तत्त्वतः मंजुरी दिली. सहा दिवसांत! टाळ्या. मग अंतिम मंजुरी कधी? एप्रिल २०२३. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २,६०० कोटी.

मधली सात वर्षं मोजा. २०१६ च्या टाळ्या ऐकून पीएचडीला आलेली मुलगी २०२१ मध्ये मोकळी होते. पहिली पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, दोन-तीन वर्षांची, बहुतेक परदेशात. म्हणजे अंतिम मंजुरी आली तेव्हा ती दुसरी नोकरी शोधत होती. जमीन सात वर्षं थांबू शकते, नळीचं पोलाद थांबू शकतं, माणूस थांबत नाही. त्या सात वर्षांत गट टिकला तो कशावर? परदेशातल्या दोन यंत्रांच्या डेटावर आणि साचे काढण्याच्या गणितावर. म्हणजे सिद्धांतानं यंत्राची वाट राखली. आणि यंत्र आलं की पैसा जातो जमीन, नळ्या, लेसर, इमारती यांकडे. तो जायलाच हवा, त्यात कुणाची लबाडी नाही. पण सिद्धांताची ओळ आराखड्यात पहिल्या दिवशी लिहिलेली नसेल तर ती पुढे कधीच येत नाही, कारण डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, एकदा मंजूर झाला की नवं हेड उघडणं म्हणजे नवी फाइल.

म्हणून माझी मागणी साधी: प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या डीपीआरमध्ये सिद्धांतासाठी ठरावीक वाटा हवा, डिस्कसकट, कोड सांभाळणाऱ्या दोन पदांसकट, आणि पोस्टडॉकच्या जागा यंत्राच्या वेळापत्रकाला न बांधता. पूर्वी मी नेमकं उलट म्हणत असे. सिद्धांताचा निधी स्वतंत्रच हवा, यंत्राच्या शेपटीला बांधला तर फक्त साचे काढणारे पोसले जातील, हे माझंच वाक्य. ते खोटं ठरलेलं नाही. यंत्राबरोबर आलेल्या पदांवर यंत्राच्या उपयोगाचीच माणसं घेतात. स्वतंत्र निधीची वाट मात्र मी इतकी वर्षं पाहिली की निदान ही ओळ तरी पदरात पडावी असं वाटू लागलंय. याला कुणी शहाणपण म्हणेल, कुणी थकवा.

मसुद्यात त्या ओळीसमोर "डिलिव्हरेबल", म्हणजे हाती काय देणार, असा रकाना असतो. तिथे मी साच्यांची संख्या, कोडच्या आवृत्त्या, कार्यशाळा असं लिहितो. रायचौधुरींचं १९५५ चं ते समीकरण या रकान्यात कुठे बसलं असतं, असं मात्र तुम्ही विचारू नका.