मग तिला नुसतं गोल गोल का फिरवता?

शर्यतीला पळवत नाही, वरातीला देत नाही, मग घोडी सांभाळता कशाला आणि रोज तासभर नुसती गोल गोल फिरवून मिळतं काय? हे मला पाहुण्यांनी विचारून झालं, दूध घालायला येणाऱ्यांनी विचारून झालं, लग्नाची तारीख घेऊन आलेल्यांनी तर दहा वेळा. आत्तापर्यंत "आवड आहे हो" म्हणून सोडून देत आले. पण तुम्ही परत विचारलंत म्हणून सांगते, आणि रविवारचंच सांगते.

तासगावजवळच्या आमच्या रानात आठ गुंठे मी द्राक्षाला दिले नाहीत. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईने करून घ्यायचा खेळ; त्याचं छोटं मैदान वीस बाय चाळीस मीटर, म्हणजे जेमतेम तेवढंच. काळी माती पावसात पाय धरते म्हणून मुरूम टाकला, वर वाळू पसरली, कडेने रंगाच्या डब्यांवर ए, के, ई, एच अशी खुणेची अक्षरं काढून ठेवली. दीर अजून म्हणतात, वहिनी, एवढ्यात माल किती निघाला असता. निघाला असता, मी कुठे नाही म्हणते.

माझी घोडी शेवंती उजवीकडे वळताना आतल्या खांद्यावर रेलते. माणूस डावखुरा असतो तशी घोड्यालाही एक बाजू सोपी, एक अवघड असते. मग वीस मीटरचा गोल गोल राहत नाही, त्याचं अंडं होतं. लगाम ओढून हे सुधारत नाही. आतल्या पायाने हलका दाब द्यायचा आणि तो बाहेरच्या लगामावर हातात येतो का बघायचं, एवढंच, आणि हे एवढंच जमायला मला दोन वर्षं लागली. रविवारी दुडकीत तिसऱ्या फेरीला माझ्या खाली तिची पाठ उचलल्यासारखी वर आली, दोन्ही हातांत लगामाचं वजन सारखं झालं, तिने लांब फुर्रर्र केलं आणि तोंडातली कडी हळूहळू चघळायला लागली. दीड फेरी. मग मी लगाम लांब सोडला, तशी ती नाक पार वाळूपर्यंत नेऊन कान सैल सोडून चालत राहिली. ड्रेसाजच्या परीक्षेत ह्या लांब लगामावरच्या चालण्यालाही मार्क असतात. मी घोडीवर बसूनच रडले.

एवढ्याशासाठी? हो, एवढ्याशासाठीच.

शेवंती माझ्याकडे यायच्या आधी वरातीत नाचायची. २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला ह्यांनी ड्रेसाजचं सांघिक गोल्ड आणलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, आणि मी ते फोटो बघून येडी झाले. त्या घोड्यांची कमानदार मान मला शेवंतीला हवी होती. त्या मुलांनी त्यासाठी युरोपात राहून वर्षानुवर्षं काढलीत हे दिसत होतं, तरी मला आठवड्यात हवी होती. लगाम आखडला, टाचा मारत राहिले. मान वळली. मग ती जागच्या जागी पाय उचलायला लागली आणि बांधावर उभी असलेली पोरं ओरडली, नाचायला लागली, नाचायला लागली! मला इतका अभिमान वाटला की मी पुतण्याला व्हिडिओ काढायला सांगितला.

खोगीर उतरवलं, लगाम काढला, तर कडीला रक्त. तोंडाचा डावा कोपरा फाटला होता आणि त्याच्याच मागे बोटाला एक जुनी टणक गाठ लागली. काटेरी लगामाची असावी असं डॉक्टर म्हणाले. ओझ्याच्या जनावरांचा छळ थांबवायच्या १९६५ च्या नियमांत तो वापरायला बंदी आहे, तरी वापरतात. पण रक्त काटेरी लगामाने आलं नव्हतं, माझ्या साध्या लगामाने आलं होतं. व्हिडिओत बघितलं तर कान मागे चिकटलेले, शेपूट सारखी फटकारतेय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. पुढे कित्येक महिने मी लगाम घेऊन गोठ्यात शिरले की ती तोंड भिंतीकडे करून उभी राहायची.

मला माहीत नव्हतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. शिकवणाऱ्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आधी पाठ सैल होऊ दे, मान आपोआप येईल, मानेला हात लावू नकोस. मी ऐकलं होतं. त्या वेळच्या मला विचारलं तर ती म्हणेल, तू तरी आता वेगळं काय करतेस, लगाम अजून तुझ्याच हातात आहे. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कडी काढून नुसत्या म्होरकीवर बसून बघितलं, ती रस्त्याच्या बाजूला बिचकली आणि मी परत कडी घातली. घाबरून घातली की तिच्या भल्यासाठी, मला अजून ठरवता येत नाही.

वरातीला का देत नाही हे मात्र आता परत विचारू नका.

सोमवारी ती उजवीकडे परत रेलली, दीड फेरीतली अर्धीही मिळाली नाही. काल रात्री पाऊस झालाय, वाळू जड झाली असेल, त्यामुळे आज दुडकी नाही. संध्याकाळी खरारा करून नुसती चालवून आणते.