पक्का रंग

कपाच्या कानावर निळं बोट उमटलेलं दिसलं आणि ओळखलं, हिने गोधडीसाठी गडद निळ्या कापडाचे चौकोन शिवायला घेतलेत. बोटांचं सोडा, मशीनचा पांढरा पत्राही निळसर पडला होता. धावदोऱ्याचा पांढरा दोरा त्या कापडातून जा-ये करून चक्क राखाडी झाला होता. पाण्याचा कुठे थेंब नाही, नुसत्या घासण्याने.

धुताना जाणारा रंग परवडला. तो बादलीत दिसतो, शिव्या घालायला समोर तरी असतो. हा कोरडा लागणारा रंग चोरटा. इस्त्रीच्या फडक्याला लागतो, शेजारच्या मोतिया तुकड्याला लागतो, आणि गोधडी पुरी होईपर्यंत पत्ता लागू देत नाही.

म्हणून मी खिशात पांढरा रुमाल बाळगतो. नाकासाठी नव्हे. इंदुरातल्या सीतलामाता बाजारात हिच्यामागे पिशव्या धरून उभा असताना गडद कापड दिसलं, की बोटाला रुमाल गुंडाळून ते घासून बघतो. लाल, काळा आणि गर्द निळा यांच्यावर माझा विशेष राग. ही तेवढ्यात आपण एकटीच आल्यासारखा चेहरा करते. ‘‘पक्का रंग है बाबूजी,’’ दुकानदार म्हणतो, ‘‘बस, पहले दो-तीन बार अलग धोना.’’ पक्का आहे तर वेगळा कशाला धुवायचा? पण दुकानात गर्दी असते, आणि मला उत्तर नको, रुमाल हवा असतो.

या चाळ्याला शास्त्राधार आहे, हे हिला पटत नाही. प्रयोगशाळेत हेच तर करतात. यंत्राच्या १६ मिलिमीटर व्यासाच्या दांडीला पांढरं सुती कापड लावायचं, किलोला जरा कमी इतका भार द्यायचा, १० सेंटिमीटरच्या पट्टीवर दहादा पुढे-मागे घासायचं आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते बघून १ ते ५ मध्ये गुण द्यायचे. पाच म्हणजे डागच नाही. ओल्या फडक्याने घासलं की भल्याभल्यांचे गुण उतरतात.

नीळ, म्हणजे इंडिगो, तर या परीक्षेत गचकणारच. ती पाण्यात विरघळत नाही. अल्कलीच्या टाकीत तिचं रूप बदलून तिला सुतात शिरवतात. कापड बाहेर काढलं की आधी हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागून डोळ्यांदेखत निळं होतं. पण सुताशी तिची गाठ पडत नाही; बरीचशी वरवरच राहते आणि घासली की सुटते. जीन्सवाले त्यालाच फॅशन म्हणून पैसे मोजतात. १९५६पासून सुताशी रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात आले. त्यांच्यातलाही न जोडला गेलेला रंग गरम पाण्याने, साबणाने भरपूर धुऊन काढावा लागतो. तिथे पाणी वाचवलं की तो आपल्या बोटांवर येतो.

आजीला हा त्रास नव्हता. रामबागेतल्या घरी गोधडी व्हायची ती जुन्या लुगड्यांची, आणि त्यांचा जायचा तो रंग वर्षानुवर्षांच्या धुण्यात गेलेला. नवं काय ते मगजीचं, म्हणजे कडेच्या पट्टीचं, लाल कापड. ते आजी मूठभर मीठ घालून बादलीत भिजवायची. शेजारचे काका मिलच्या रंगखात्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या-काळ्या. दिवाळीच्या अभ्यंगानंतरही तशाच. ते यायचे, वाळलेल्या मगजीवर धोतराचा सोगा घासायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘माई, अजून दोन पाणी काढा. आणि मीठ लोणच्यात घाला. रंगाला मीठ लागतं ते आमच्या टाकीत, रंग सुताकडे ढकलायला. नंतर बादलीत त्याचा काही उपयोग नाही.’’ आजी ‘हो हो’ म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा मीठ घालायची. रंग जायचा थांबायचा तो पाणी बदलून बदलून, श्रेय मिठाला.

माझा रुमाल म्हणजे तो सोगाच. काकांनी मला काही शिकवलं नव्हतं; मी आपला बघत बसायचो. सकाळी भोंगा झाला की ते डबा घेऊन निघायचे. आता इंदुरात भोंगे नाहीत. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक जण पैशांची वाट बघत गेले. काकांची मिल दुसरी. तीही बंद पडली. त्यांच्या पैशांचं पुढे काय झालं, हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.