दोन स्ट्रॅट, एक दुपार

आज दुपारभर मित्राकडे होतो. त्याची इलेक्ट्रिक गिटार, फेंडर अमेरिकन प्रोफेशनल स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट), आणि माझी फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची स्क्वायर अ‍ॅफिनिटी, एकाच अ‍ॅम्पवर, आलटून पालटून. आधी दोन्हींना एकाच जाडीच्या नव्या तारा चढवल्या, तारांची उंची जुळवली. एवढं केल्याशिवाय तुलनेला अर्थच नाही.

१९५४ चा आराखडा दोन्हीकडे तोच: साडेपंचवीस इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं टिपणारे, एकेका वेटोळ्याचे चुंबकीय भाग). क्लीन आवाजात डोळे मिटून ऐकलं, तर कोणती वाजतेय ते मला दोनदा ओळखता आलं नाही! गेन वाढवून आवाज फाटू दिल्यावर मात्र फरक उघडा पडला. माझ्या पिकअपमध्ये सिरॅमिक चुंबक, आवाज जरा टोकदार. त्याच्या अल्निको चुंबकांचा गोलसर, आणि व्हॉल्यूम उतरवला तरी वरची चमक मरत नाही.

पण जास्त फरक हाताला कळतो. त्याच्या गिटारच्या नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा इतक्या सफाईने घासल्यात की बोटं कुठे अडतच नाहीत. ट्रेमोलो (तारा सैल करून सूर हलवणारा दांडा) कितीही दाबा, सूर जागेवर परत येतो.

घरी येऊन पुन्हा माझीच घेऊन बसलोय. पैसे साठले की आधी पिकअप बदलणार. नेक नाही बदलायची, पाच वर्षं रियाज केलाय तिच्यावर.