बूट मॅनेजरला कोणती फाइल सिस्टिम वाचता येते?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ठेवायचे ठरले की बूट मॅनेजर (संगणक सुरू होताना कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची ते विचारणारा प्रोग्रॅम) निवडताना बहुतेक जण त्याच्या मेनूत किती ऑपरेटिंग सिस्टिम दिसतात एवढेच पाहतात. माझ्या मते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) ठेवला आहे ती त्या बूट मॅनेजरला वाचता येते का, हे आधी तपासावे. कारण कर्नल मेमरीत येईपर्यंत लिनक्सचा एकही ड्रायव्हर हाताशी नसतो आणि यूईएफआय फर्मवेअरला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, हमखास वाचता येते ती फक्त फॅट ही जुनी, साधी फाइल सिस्टिम.

लिलो हा जुना बूट मॅनेजर फाइल सिस्टिमच्या वाटेलाच जात नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे तेवढे तो टिपून ठेवी, त्यामुळे कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवावाच लागे. सिस्टिमडी-बूट हा बूट मॅनेजर फर्मवेअरवर विसंबतो, म्हणून कर्नल सहसा फॅट पार्टिशनवरच (डिस्कच्या फॅट असलेल्या भागावरच) ठेवावा लागतो. ग्रब या बूट मॅनेजरने मात्र एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, झेडएफएस अशा अनेक फाइल सिस्टिम वाचण्याची सोय स्वतःतच केली आहे.

खरी मेख इथेच आहे, कारण हा कोड कर्नलपासून स्वतंत्रपणे लिहिलेला असतो आणि मागे पडू शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२एफएसप्रॉग्ज या एक्स्ट४ तयार करणाऱ्या साधनसंचाच्या १.४७.० आवृत्तीने ‘मेटाडेटा चेकसम सीड’ हे फाइल सिस्टिमच्या नोंदींच्या पडताळणीशी संबंधित वैशिष्ट्य नव्या एक्स्ट४ साठी आपोआप सुरू केले. कर्नलला ते कित्येक वर्षे आधीपासून कळत होते, पण मूळ ग्रब २.०६ ला कळत नव्हते; त्यामुळे नुकतेच फॉरमॅट केलेले, पूर्णपणे निर्दोष पार्टिशनही ग्रबला अनोळखी वाटे. बीटीआरएफएसवर वाचन नीट होते, पण निदान २.१२ पर्यंतच्या मूळ ग्रबला तिथे आपली नोंद लिहिता येत नाही, म्हणून शेवटची निवड लक्षात ठेवण्याची सोय चालत नाही. म्हणूनच मुख्य पार्टिशन कोणतेही असो, बूटसाठी साध्या, म्हणजे ग्रबला न कळणारी नवी वैशिष्ट्ये बंद ठेवलेल्या, एक्स्ट४ चे सुमारे १ जीबीचे वेगळे पार्टिशन ठेवावे, असा माझा आग्रह असतो.

विंडोजच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. यूईएफआय संगणकावर ग्रब एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम उघडत बसत नाही, तर फॅट पार्टिशनवरच्या विंडोजच्याच बूट मॅनेजरकडे सूत्रे सोपवतो. मात्र दोन्ही सिस्टिम यूईएफआय पद्धतीनेच बसवलेल्या असाव्या लागतात. एक जुन्या बायोस पद्धतीने बसवली असेल, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. दोन्ही नीट बसवूनही विंडोज मेनूत दिसत नसेल तर घाबरू नये: ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद असतो, आणि ग्रबच्या सेटिंगमध्ये तो सुरू करून मेनूची फाइल नव्याने तयार केली की विंडोजची ओळ सहसा मेनूत येते.