आमची वाटचाल : मोइकाच्या काठावरून पॅरिसपर्यंत

पुण्यात रशियन शिकलो आणि आठ वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठी-इंग्रजीत आणत बसलो. २००९ साली नोकरी सोडली. घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक फोन, हिशेबाला बायको. सहली काढायच्या त्या फक्त रशियाच्या, आणि एका ग्रुपमध्ये बारापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, एवढंच ठरलं होतं.

पहिल्याच ग्रुपला सेंट पीटर्सबर्गमध्ये मोइका नदीकाठचा युसुपोव राजवाडा दाखवला. तिथे सगळ्यांना बघायचं असतं ते तळघर. १९१६ च्या डिसेंबरात झारच्या म्हणजे रशियाच्या सम्राटाच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतिन या साधूला इथेच बोलावून गोळ्या घातल्या. आता मेणाचे पुतळे मांडून तो प्रसंग उभा केलाय. फोटो काढून झाले आणि ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "अहो, पण मारणाऱ्या त्या मुलाचं पुढे काय झालं?"

तो मुलगा म्हणजे या राजवाड्याच्या मालकांचा मुलगा फेलिक्स युसुपोव, तेव्हा २९ वर्षांचा. पुढचं मला माहीत नव्हतं, आणि तसं कबूल करताना मान खाली गेली. पैसे घेऊन लोकांना इतक्या लांब आणायचं आणि गोष्ट अर्ध्यावर सोडून द्यायची, हे मनाला लागलं. परतल्यावर दोन वर्षं मिळेल ते रशियन वाचून काढलं.

युसुपोव घराणं रशियातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक. आई झिनाइदा ही त्या वंशाची शेवटची वारस, म्हणून वडिलांना खास शाही परवानगीने युसुपोव ही पदवी मिळाली. थोरला भाऊ निकोलाय १९०८ साली द्वंद्वयुद्धात गेला, आणि सगळ्या दौलतीचा वारस फेलिक्स ठरला. ऑक्सफर्डला शिकून परतल्यावर फेब्रुवारी १९१४ मध्ये त्याचं लग्न झारच्या भाचीशी, इरिनाशी झालं. दरबाराशी इतकं जवळचं नातं, म्हणूनच खुनानंतर शिक्षा झाली ती फक्त राकितनोये या गावच्या जहागिरीत जाऊन राहण्याची. खून तो खूनच. त्याचं कौतुक मी ग्रुपसमोर कधी करत नाही.

क्रांतीनंतर कुटुंब क्रिमियात अडकलं. एप्रिल १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'मार्लबरो' झारच्या आईला न्यायला आली आणि हेही तिच्यावरून निघाले. सोबत थोडे दागिने आणि रेम्ब्राँची दोन चित्रं. तो पुन्हा रशियात गेला नाही. त्यानंतरची जवळजवळ ४८ वर्षं त्याने परदेशात काढली, त्यातली बहुतेक पॅरिसमध्ये.

या ४८ वर्षांतला एक तुकडा मला, एक छोटा व्यावसायिक म्हणून, फार जवळचा वाटतो. १९२४ साली नवरा-बायकोने पॅरिसमध्ये कपड्यांचं दुकान काढलं. नाव 'इर्फे': इरिनाचं 'इर', फेलिक्सचं 'फे'. धंद्याची सवय दोघांनाही नाही. शिवायला आणि कपडे घालून दाखवायला त्यांच्यासारख्याच देशोधडीला लागलेल्या उमराव घरांतल्या बायका. रिट्झ हॉटेलात त्यांनी आपले पोशाख दाखवले, लंडन-बर्लिनपर्यंत शाखा निघाल्या, स्वतःचं अत्तरही आलं. मग १९२९ ची मंदी आली, श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाईक आटलं, आणि १९३१ च्या सुमारास दुकान बंद झालं. हात सैल, आलेल्या गेलेल्याला मदत करायची, हिशेब कच्चा. त्यांचं कुठे चुकलं हे मला दिसतं, तरीही त्या दोघांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९३४ साली इरिनाने रासपुतिनवरच्या चित्रपटातून झालेल्या आपल्या बदनामीबद्दल लंडनच्या कोर्टात एका बड्या चित्रपट कंपनीविरुद्ध खटला जिंकला आणि २५,००० पौंड मिळवले. चित्रपटाच्या सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटी येते, तिचं मूळ बहुतेक जण या खटल्यातच सांगतात.

२०१३ पासून आमची सहल तळघरात संपत नाही. मोइकाचा वाडा आणि त्यातलं छोटं देखणं खासगी नाट्यगृह, मॉस्कोजवळचा अर्खांगेल्स्कोये हा युसुपोवांचाच वाडा, मग विमानाने पॅरिस: इर्फे जिथे होतं ती द्युफो गल्ली, 'दारू' (Rue Daru) नावाच्या गल्लीतलं रशियन चर्च, आणि शेवटी पॅरिसबाहेरची सेंत-जेनव्हिएव्ह-दे-ब्वाची रशियन दफनभूमी. फेलिक्स २७ सप्टेंबर १९६७ ला गेला. आईच्याच थडग्यात त्याला पुरलं. १९७० साली इरिनाही तिथेच आली. पहिल्या वर्षी या सहलीला सहाच जण होते आणि पदरचे पैसे घालावे लागले. चौथ्या वर्षापासून दरवर्षी दोन ग्रुप भरू लागले.

२०२० मध्ये सगळं थांबलं. घेतलेला अॅडव्हान्स आम्ही परत केला. त्यासाठी बायकोने पाटल्या मोडल्या, हे इथे लिहायलाच हवं. २०२२ च्या युद्धाने रशियातून पॅरिसला जाणारी थेट विमानं बंद झाली, आपली नेहमीची कार्डं तिकडे चालेनाशी झाली, आणि सहलीचे दोन तुकडे पडले.

सध्या पॅरिसचा भाग आठ दिवसांची वेगळी सहल म्हणून नेतो. दोन्ही हवं असेल त्यांना इस्तंबूलमार्गे, रोख पैसे सोबत घेऊन. यंदाच्या मे महिन्यात त्या शिक्षिकाबाई पॅरिसच्या ग्रुपमध्ये होत्या. बर्च झाडांच्या मधून त्या थडग्यापाशी गेल्या, क्रूसावरची अक्षरं मला वाचून दाखवायला लावली, आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.