तिसऱ्यांदा नापास

झालं, गाडीच्या टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले. यावेळी कारण काय तर चढावर गाडी मागे गेली, जेमतेम हातभर गेली असेल पण गेली. हँडब्रेक आधी सोडला आणि क्लच नंतर उचलला, बस्स. खरं तर उलटं करायचं असतं, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू वर आणायचा, इंजिनचा आवाज जरा जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथेच पाय धरून ठेवायचा आणि मग हँडब्रेक. तोंडपाठ आहे हो सगळं, पण शेजारी कोणी कागद-पेन घेऊन बसलं की डावा पाय शिलाई मशीनसारखा थरथरायला लागतो त्याला काय करू!

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आता रडू येत नाही, रागच येतो. आईला सांगितलं तर म्हणे, आधी जेवून घे.

आता रोज अर्धा तास फक्त चढच करणार, रिव्हर्स येतंय मला. आणि आरशात बघताना मान जरा जास्तच वळवणार, नुसते डोळे फिरवले तर आपण बघितलं हे समोरच्याला कळतच नाही, दुसऱ्या टेस्टला त्यातच गेले होते. तारीख मात्र यावेळी कोण्णाला सांगणार नाहीये.